ह्यांना मशीन तापलेलं कळलं नाही

"आता डोळे मिटा," डॉक्टर ह्यांना म्हणाले, "आणि मी जिथे कापूस लावीन तिथे बोट ठेवा. बस, एवढंच."

त्यांच्या हातात कापसाची बारीक वात होती. त्यांनी ती ह्यांच्या उजव्या गालावर टेकवली. ह्यांनी गालाला बोट लावलं. कपाळावर टेकवली, ह्यांनी कपाळाला बोट लावलं. मग डाव्या कानामागे, मानेवर टेकवली. हे स्वस्थ बसून राहिले.

डॉक्टरांनी जरा वर लावून पाहिलं, जरा खाली लावून पाहिलं. हे आपले डोळे मिटून बसलेत, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे. आणि वर म्हणतात कसे, "हं, करा ना सुरू!"

मी समोरच्या बाकावर होते. कापूस मला ढळढळीत दिसत होता. आम्ही आलो होतो भाजल्यावर लावायचं मलम मागायला, आणि हे काय भलतंच चाललं होतं?

डॉक्टरांनी बोटांनी ह्यांची मान चाचपली आणि कानाखाली एका जागी थांबले. डॉक्टर गुजराती, मला म्हणाले, "बेन, इथे हात लावून बघा." मी लावला. कातडीखाली दोरीसारखं काहीतरी जाड लागलं. "ही नर्व्ह, म्हणजे चेतातंतू. सुजून जाड झालीय. आणि कापूस कळत नाही, त्याला ॲनेस्थेशिया म्हणतात, म्हणजे स्पर्शच मेला. मला वाटतं, ही लेप्रसी आहे."

ह्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "महारोग," म्हणाले. एवढा एकच शब्द.

पुढचं मला धड आठवत नाही. टांगा कुठून केला, वाडीत कसे पोचलो, कोण काय बोललं, काही नाही. तेवढी कानामागची दोरी बोटांना लागत राहिली. घरी येऊन मी तो हात साबणानं धुतला, आणि धुताना रडले.

हे सगळं लिहितेय ते कोणाला माझी कीव यावी म्हणून नाही. कीव करायला आळीत पुष्कळ जणी आहेत. ज्यांच्या घरात असा डाग निघेल त्यांनी आमच्यासारखं महिनोन्‌महिने अंधारात राहू नये म्हणून लिहितेय. महाराजांच्या राज्यात मुलींना शाळा सक्तीची झाली, त्या सक्तीनं मला चार अक्षरं आली. ती अशी उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं.

आमचं घर मराठी, ह्या गुजराती मुलखात राज्याच्या नोकरीतलं. सासरे कचेरीत होते, आता हे आहेत. घरात सासूबाई, धाकटे दीर, म्हणजे कॉलेजात शिकणारे आमचे भाऊजी, आणि आमची सहा वर्षांची मनू. ह्यांना यंत्रांचं वेड भारी. घड्याळ दिसलं की उघडायचं, आणि उघडलं की शेजारच्यांना बोलावून दाखवायचं.

फतेगंजला एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी कपाटं घेतली, गालिचे घेतले. आमच्याकडे काय आलं? विजेवर चालणारं केस कापायचं मशीन! वायर दिव्याच्या होल्डरात खोचायची, की घुर्रर्र करून आपोआप चालायचं. हे म्हणाले, "आता न्हाव्याची वाट बघणं बंद. माझे केस मीच कापणार."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे हजामत परसात व्हायची, आणि झाली की कोणाला न शिवता थेट आंघोळीला जायचं. आंघोळ होईपर्यंत त्या माणसाच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहायचं नाही. आता होल्डर तर माजघरात. "म्हणजे माझ्या माजघरात केस पाडणार तू?" सासूबाई कडाडल्या. शेवटी तह झाला. हे खाली जुनं धोतर अंथरणार, दार लावून घेणार, आणि घरातल्या बायकांनी तिकडे फिरकायचं नाही.

मी एकदा म्हटलंही, "अहो, मागचं तुम्हाला दिसत नाही, मी आरसा धरते." तर सासूबाई म्हणाल्या, "तू स्वयंपाकातली. तिथे अजिबात उभी राहू नकोस." झालं! हे पुढे मोठा आरसा आणि हातात लहान आरसा घेऊन, माकडासारखी मान वाकडी करून स्वतःचे केस कापायचे. उजवीकडून सुरू करायचे, डाव्या कानामागे संपवायचे. मग दार उघडून, अंग चोरत, सगळ्यांना "सरका, सरका" म्हणत न्हाणीघरात. बाहेर यायचे ते डोकं पुसून, बंद गळ्याचा कोट घालून, टोपी चढवून. त्यांची मान आम्हाला दिसायची कधी?

तरी एकदा मला कानामागे फिकट डाग दिसला होता. रुपयाएवढा, जरा कोरडा. मला वाटलं शिबं असेल, घामानं येतं तसं. मी लिंबू चोळलं. हे म्हणाले, "चोळ की नीट, काही लागतच नाहीये." मी हसले आणि जोरात चोळलं. तेव्हा हसले मी!

मशीनचा तोरा तर विचारू नका. "बघा, इतका वेळ चालवलं तरी कसं गार आहे! विलायती काम आहे हे." आळीत सगळ्यांना ऐकवून झालं होतं.

एका रविवारी ह्यांचं आटोपतंय तोवर भाऊजी आत घुसले. "दादा, माझेही काढा थोडे. आज मॅच बघायला जायचंय." ह्यांनी चालू मशीन तसंच त्यांच्या मानेला लावलं. भाऊजी असे किंचाळले, की मी हातातली पोळी टाकून, सासूबाईंना न जुमानता माजघरात धावले.

"अहो दादा, भाजलं! केवढं तापलंय हे!"

"चल, नाटक्या," हे म्हणाले. "आत्ता मी माझ्या मानेवर फिरवलं, थंडगार होतं."

मी मशीनच्या पात्याला बोट लावलं आणि झटकन काढलं. चटकाच बसला. मग मी ह्यांच्यामागे गेले. डाव्या कानामागे, त्या फिकट डागावर, द्राक्षाएवढा फोड आला होता. त्याच्या बाजूला आणखी जुने व्रण होते. एक वाळलेला, एक अर्धवट चिघळलेला. उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडायचे, मी रोज तेलाचे म्हणून धूत होते. ते तेल नव्हतं.

"अहो, तुम्हाला काही लागत नाहीये?" मी विचारलं.

"कुठे?" हे म्हणाले.

भाऊजींनी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. धोतरभर केस पडले होते, मशीन अजून घुरघुरत होतं. मी वायर ओढून ते बंद केलं. मला तोवर महारोग वगैरे काही सुचलं नव्हतं. पण माणसाला स्वतःचं भाजणं कळू नये, हे काही ठीक नव्हतं.

सोमवारी दवाखान्यात गेलो, आणि पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे.

डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली. तिला स्मिअर म्हणतात. कानाच्या पाळीला आणि डागाच्या कडेला बारीक छेद द्यायचा, आतला रस काचेवर घ्यायचा, नाकातूनही थोडा घ्यायचा, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली जंतू दिसतात का बघायचे. फार दुखत नाही. ज्यांना करावी लागेल त्यांनी भिऊ नये. भ्यायचं ते निकालाला.

कारण डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "जुओ, बघा, मी खरं ते सांगतो. जंतू दिसले तर घरात लहान मुलगी आहे, ह्यांना घरी ठेवता यायचं नाही. महारोग्यांच्या वसाहतीत पाठवावं लागेल. नाही दिसले, तर ही फक्त नर्व्हची जात. ती दुसऱ्याला लागत नाही. मग घरी राहायचं, इंजेक्शनं घ्यायची, कचेरीतसुद्धा जायचं."

म्हणजे हे घरी राहणार की नाही, ते एका काचेवर ठरणार होतं.

निकालाला काही दिवस लागणार होते. ते दिवस कसे काढले माझं मला ठाऊक. दवाखान्याच्या ओट्यावर बसायचं, आतून कंपाउंडर आला की उभं राहायचं, तो मान हलवून गेला की पुन्हा बसायचं. माझ्या शेजारी कोणी खोकलेवाला, कोणी पाय मोडलेला. मला त्यांचा चक्क हेवा वाटायचा. पाय मोडला तर माणूस सगळ्यांना सांगू शकतो हो!

आम्ही घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. समोरच्या घरातल्या शारदाबेनची नजर मोठी तिखट. "कां बेन, रोज दवाखाना? कोण मांदुं छे?" म्हणजे कोण आजारी आहे? मी म्हटलं, "ह्यांचा कान दुखतो." त्या "सारुं", म्हणजे बरं, म्हणाल्या, पण गॅलरीतून हलल्या नाहीत. मी पदर ओढून चालायला लागले. हिला कळलं की संपलंच, संध्याकाळपर्यंत वाडीभर होईल, असं सारखं मनात येत होतं.

घरात जेवायला तर लागतंच, म्हणून खंडेराव मार्केटात भाजीला गेले. दाराशी नेहमीचा एक रोगी बसतो, बोटांना चिंध्या बांधलेला. मी इतकी वर्षं त्याच्याकडे न बघता पुढे जात होते. त्या दिवशी पाय अडखळले. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ह्यांच्याच वयाचा असेल. हाही कोणाच्या तरी घरून उठून आला असेल ना, ह्या विचारानं मला पुढे जाववेना. भाजी न घेताच परतले. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

निकाल आला. जंतू नव्हते.

डॉक्टर दोनदा म्हणाले तेव्हा मला कळलं. "नथी, बेन, एकही नाही." मी तिथेच खाली बसले, आणि ज्याला लोक जेमतेम नमस्कार करतात त्या कंपाउंडरच्या पायांना हात लावायला गेले. तो बिचारा घाबरून मागे सरला.

औषध एकच होतं. चालमुग्रा म्हणतात ते तेल. आपल्याकडे कडूकवठ असतं ना, त्याच्याच जातीच्या बियांचं. ते सुईनं डागाच्या आत आणि कडेला टोचतात, पुन्हा पुन्हा, जवळजवळ. डागाच्या आत ह्यांना काही कळायचं नाही, कडेला सुई आली की दातओठ खायचे. डॉक्टर म्हणायचे, "ओरडा, ओरडा! लागतंय ते चांगलंच." जगात असाही एक डॉक्टर असतो जो रोगी ओरडला की खूश होतो. पुढे पुढे मीही कान देऊन ती आई गं ऐकायला लागले.

डॉक्टरांनी हेही सांगून ठेवलं, की गेलेला स्पर्श बहुधा परत येत नाही. रोग थांबवायचा, एवढंच हातात. तेही मी इथे लिहून ठेवते, नाहीतर लोक वैदूबुवांच्या नादी लागतात.

मला वाटलं, सुटलो. पण खरा धक्का पुढेच होता, आणि तो घरातच बसला.

हे घरी आले ते बाहेरच्या खोलीत राहायला गेले. ताट वेगळं, तांब्या वेगळा. स्वतःचं ताट स्वतः घासायला लागले. मनू "बाबा" म्हणून धावली की ओरडायचे, "लांब! लांब हो आधी!" ती दाराच्या चौकटीला धरून ओठ काढून उभी राहायची. मी म्हटलं, "अहो, डॉक्टर म्हणाले ना लागत नाही? तुमचा तर शास्त्रावर एवढा विश्वास!" हे म्हणाले, "शास्त्र चुकलं तर मनूला भोगावं लागेल." घड्याळ उघडून बघणारा, शेजाऱ्यांना वीज समजावून सांगणारा माझा नवरा हे बोलत होता.

आणि एका सकाळी पाहते तर ह्यांनी ट्रंक भरलेली. "मी आपण होऊन वसाहतीत जातो," म्हणाले. "उद्या कोणाला कळलं तर मनूला कोण करून घेईल? मी नसलो म्हणजे तुम्ही काहीही सांगू शकाल."

भांडायची मला सवय आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी नुसती ट्रंकेचं झाकण धरून बसले. भाऊजी "दादा, दादा" करत राहिले.

सासूबाई देवाजवळून उठून आल्या. सोवळ्यातच होत्या. मला वाटलं, ह्या म्हणणार, जा बाबा. माजघरात चार केस पडले तर गोमूत्र शिंपडणारी बाई, ती दुसरं काय म्हणणार?

त्यांनी विचारलं, "काय रे बापू, हजामत झाली की किती वेळ शिवत नाही आपण?"

"आई, आता हे काय..."

"विचारते ते सांग."

"आंघोळ होईपर्यंत."

"आणि सुतकात?"

"दहा दिवस."

"म्हणजे फिटतं ना? सगळं फिटतं. मी जन्मभर सोवळं-ओवळं केलं, मला कोणी न फिटणारं दाखवलं नाही. तू रोज दोनदा आंघोळ करतोस आणि तरी पोरीला लांब हो म्हणतोस. हे कुठून काढलंस तू? माझ्या घरात हे नवं सोवळं नको."

आणि सोवळ्यातल्या त्या बाईनं पुढे होऊन ह्यांच्या मानेवर, थेट त्या डागावर तळहात ठेवला.

"लागतोय हात?"

"नाही," हे म्हणाले.

"तरी तो आहे तिथे. चल, जेवायला पान वाढलंय. पंगतीत बस. सूनबाई, ती ट्रंक रिकामी कर."

मी ट्रंक रिकामी केली. एकेक सदरा काढताना इतकी रडले की सगळे पुन्हा वाळत घालावे लागले. सासूबाई मात्र जेवणं झाल्यावर पुन्हा आंघोळीला गेल्या. नियम म्हणजे नियम!

इंजेक्शनं पुष्कळ काळ चालली. डाग वाढला नाही, बोटं चांगली आहेत, हे रोज कचेरीत जातात. ह्या रोगाचं नाव ऐकून कोणी घाबरलं तर मी चूक म्हणणार नाही, मी स्वतः अर्धमेली झाले होते. पण आई-बहिणींनो, घरातल्या माणसाच्या अंगावर फिकट डाग दिसला तर लिंबू चोळत बसू नका. त्याला डोळे मिटायला सांगा आणि कापूस लावून बघा. त्याला कळलं नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लाज वाटेल, जा. कोणी ओळखीचं भेटेल, तरी जा. आमचे डॉक्टर, तो कंपाउंडर आणि माझ्या सासूबाई, ह्या तिघांचे उपकार माझ्यानं ह्या जन्मी फिटायचे नाहीत.

आणखी एक सांगायचं राहिलं.

गेल्या रविवारी दुपारी शारदाबेन आमच्या दारात उभ्या. कधी नाही ते एकट्या. मी मनात म्हटलं, आली! कळलं हिला. आता बोलणार. मी तोंड घट्ट करून उभी राहिले.

त्यांनी मागे वळून आळीत कोणी नाही ना बघितलं. मग बांगड्या वर सारून हात पुढे केला. कोपराच्या खाली फिकट डाग होता, तळहाताएवढा. त्यावर तव्याच्या कडेनं भाजल्याचे व्रण होते, एक नाही, कितीतरी.

"बेन, मने अहीं कंई लागतुं नथी," त्या पुटपुटल्या. इथे काही कळतच नाही म्हणत होत्या. "किती वरसांपासून. तुम्ही दवाखान्यात जाता ते बघायचे मी, रोज वाटायचं विचारावं." आणि एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "कोईने कहेशो नहीं. मने घरमांथी काढी मूकशे."

म्हणजे ही बाई गॅलरीत उभी राहायची ती ह्यासाठी! मी जिला भीत होते ती मला भीत होती. कोणाला सांगू नका, घरातून काढतील म्हणते, आणि नाही काढणार असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तिच्या घरचे काय करतील ते मला काय माहीत?

तेवढ्यात मागे पावलं वाजली. हे आतून सगळं ऐकत होते. कोणासमोर कोटाचं एक बटण न सोडणारा हा माणूस नुसत्या सदऱ्यावर दारात आला. त्यांनी सदऱ्याचा गळा ओढून खाली केला, शारदाबेनकडे पाठ केली, आणि मान वाकवून डाग दाखवला. मनू त्यांच्या धोतराला लोंबकळत होती.

"बघा बेन," हे म्हणाले, "नीट बघून घ्या. तुमच्या घरच्यांनाही आणा बघायला. मी घरीच राहतो."